रस्त्यावर अपघातग्रस्ताला मदत करायची आहे, पण पोलीस-कोर्टाची भीती वाटते? मग हे वाचून ठेवा

हायवेला लागून दुकान असलं की अपघात झाल्यावर पहिली चादर आणि पहिला फोन आपलाच असतो. पुणे-सातारा पट्ट्यात आमचं दुकान आहे. त्यामुळे जखमींना उचलणं, दवाखान्यात पोहोचवणं, पोलिसांशी बोलणं हे सगळं करून झालंय. गर्दीत उभ्या असलेल्या माणसांचे चेहरेही बघून झालेत. बहुतेकांना मदत करायची असते, पण "हात लावला की आपण अडकणार" हे वाक्य डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की पाय पुढे पडत नाहीत.

एकेकाळी त्या भीतीला आधार होता. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी सांगितलं होतं की गंभीर जखमीला मदत करायला आपण पुढे येण्याची शक्यता कमी आहे. त्यांच्यातल्या ८८ टक्के लोकांनी पोलिसांची चौकशी आणि कोर्टाच्या फेऱ्या हेच कारण दिलं. त्यानंतर नियम पूर्ण बदलले. पण याच संस्थेच्या २०१८ च्या पाहणीत ८४ टक्के लोकांना या बदलाचा पत्ताच नव्हता. म्हणून थांबण्यापासून घरी जाईपर्यंत काय करायचं आणि कुठे सावध राहायचं ते क्रमाने लिहितोय.

१. आधी कायदा समजून घ्या, दोन मिनिटं लागतील

सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांना बंधनकारक केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं आणि त्याखालचे केंद्रीय नियम १६८ आणि १६९ हे २०२० मध्ये अधिसूचित झाले. कायद्यात मदत करणाऱ्याला 'गुड समॅरिटन' म्हटलंय. सद्भावनेने, स्वतःहून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघाताच्या जागी मदत करणारा किंवा जखमीला दवाखान्यात नेणारा तो गुड समॅरिटन. डॉक्टर असण्याची गरज नाही.

यातून तुम्हाला मिळतं ते असं. मदत करताना तुमच्याकडून चूक झाली, अगदी हलगर्जी झाली आणि जखमीचं नुकसान झालं किंवा तो दगावला, तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव, पत्ता, फोन नंबर सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, दवाखानाही करू शकत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

मर्यादाही लक्षात असू द्या. ज्याच्या गाडीने अपघात झाला त्या चालकाला हे कवच नाही. जखमीला दवाखान्यात नेणं आणि पोलिसांना कळवणं हे त्याचं कायदेशीर कर्तव्यच आहे. दुसरं म्हणजे, नातेवाईकांनी कृतज्ञतेने पेट्रोलचे पैसे पुढे केले तरी घेऊ नका. 'मोबदल्याची अपेक्षा न ठेवता' ही व्याख्येतली अट आहे, तिच्यावर बोट ठेवायला कुणाला जागा कशाला द्यायची?

२. गाडी थांबवताना

ज्याला मदत करायची त्याच्या शेजारी आपणच आडवे होऊ नये, एवढं पहिलं काम. अपघाताच्या थोडं पुढे जाऊन डाव्या कडेला गाडी घ्या, चारही इंडिकेटर लावा. मागून येणाऱ्यांना दिसेल असा लाल त्रिकोण बऱ्यापैकी मागे ठेवा. वळणावर किंवा खंबाटकीसारख्या घाटात तो वळणाच्या आधीच ठेवायला हवा, नाहीतर त्याचा उपयोग नाही. त्रिकोण नसेल तर झाडाची फांदी चालते, आमच्याकडे तीच जास्त वापरली जाते. रात्री कुणाला तरी मोबाइलचा टॉर्च हलवत मागे उभं करा, पण रस्त्याच्या मधोमध नको.

अपघातग्रस्त गाडीचं इंजिन बंद करा. डिझेल-पेट्रोल सांडलं असेल तर विडी-सिगारेटवाल्यांना लांब हाकला. टँकर उलटला असेल तर जवळ जाऊ नका. अशा वेळी फोन करणं आणि गर्दी मागे रेटणं हीच तुमची मदत. टँकरमधून सांडलेलं तेल कॅनमध्ये भरून न्यायला धावणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही.

३. फोन करताना काय सांगायचं

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा. १०८ वर पलीकडून प्रश्न विचारतात तेव्हा लोक चिडतात, "अहो आधी गाडी पाठवा!" म्हणून ओरडतात. शांतपणे चार गोष्टी सांगा: जागा, जखमी किती, शुद्धीवर आहेत का, कुणी गाडीत अडकलंय का.

जागा सांगणं हेच सगळ्यात अवघड जातं. "पुलाच्या पुढे, ढाब्याजवळ" यावरून रुग्णवाहिका सापडत नाही, कारण पूल आणि ढाबे शंभर असतात. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचा. आणि दिशा सांगा: पुण्याकडे जाणारी लेन की साताऱ्याकडे जाणारी. दुभाजक असलेल्या रस्त्यावर चुकीच्या बाजूला आलेल्या रुग्णवाहिकेला पुढे जाऊन वळून यावं लागतं, आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. तुमचं नाव विचारलं तर ते सांगणं ऐच्छिक आहे. पण फोन चालू ठेवा, रुग्णवाहिकेचा चालक तुम्हालाच परत फोन करेल.

४. जखमीला हात लावताना

आपल्याकडची सवय अशी: चौघं धावतात, एक जण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो, "उठ उठ, काही झालं नाही" म्हणत त्याला उभं करायला बघतात. मान किंवा पाठीच्या कण्याला मार असेल तर या ओढाताणीतच माणूस कायमचा अधू होऊ शकतो. आग, पाणी किंवा मागून येणाऱ्या वाहनांचा धोका नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत तो आहे तिथेच राहू द्या. एकाने डोक्याच्या दोन्ही बाजूंना हात लावून मान सरळ धरून बसायचं आणि त्याच्याशी बोलत राहायचं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी करून जखमेवर थेट दाबा आणि दाब सोडू नका. कापड भिजलं तर ते न काढता त्यावरच दुसरं ठेवा. काच, सळई असं काही रुतलं असेल तर ते उपसू नका, त्याच्या कडेने दाबा. हळद, चहापूड, मंजन काहीही जखमेत भरायचं नाही. आजीचे उपाय स्वयंपाकघरात चिरलेल्या बोटापुरते ठेवा. हातात मोजे घाला. नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवा.

पाणी पाजू नका. गर्दीत कुणीतरी बाटली घेऊन येतोच, त्याला थांबवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं, आणि शुद्धीवर असला तरी तासाभरात ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं. त्याने मागितलं तर ओठ ओले करा.

हेल्मेट सहसा काढू नका. श्वास अडकत असेल किंवा उलटी होऊन तोंड भरलं असेल तरच काढा, तेही दोघांनी मिळून. एकाने मान आणि हनुवटी आधाराने धरायची, दुसऱ्याने हेल्मेट बाजूंनी फाकवून सावकाश ओढायचं. बेशुद्ध माणूस श्वास घेतोय पण उलटी होतेय, अशा वेळी डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून सगळ्यांनी मिळून त्याला कुशीवर वळवा. श्वासच नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल. शिकलेलं नसेल तर १०८ वरच्या माणसाला विचारत करा.

तुटलेलं बोट सापडलं तर ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकलं तर ते खराब होतं.

गर्दीबद्दल एक सांगतो. चालकाला मारायला जमाव धावतो तेव्हा मध्ये पडून हिरो होऊ नका, पण त्यात सामीलही होऊ नका. मारहाणीला कुठलंच कवच नाही. जखमीकडे लक्ष द्या आणि ११२ ला परत फोन करून जमाव चिडलाय असं सांगा. आणि जखमीचे फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्याला हटका. त्याच्या घरच्यांना ही बातमी व्हॉट्सॲपवरून कळू नये.

५. आपल्याच गाडीतून न्यायची वेळ आली तर

रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल आणि रक्तस्राव थांबत नसेल तर हा निर्णय घ्यावा लागतो. निघण्याआधी अर्ध्या मिनिटात तीन फोटो काढा: अपघातग्रस्त वाहनं आहेत त्या जागी, त्यांच्या नंबरप्लेट आणि तुमच्या गाडीची पुढची बाजू. "यानेच उडवला आणि आता आणून टाकतोय" असा संशय दवाखान्याच्या दारात पहिल्यांदा घेतला जातो. डेंट नसलेल्या बोनेटचा वेळेसकटचा फोटो हे त्याला उत्तर. डॅशकॅम असेल तर ते रेकॉर्डिंग जपून ठेवा.

गर्दीतला एक जण सोबत घ्या. मागे बसून जखमेवर दाब धरायला माणूस लागतो, आणि पुढे जाऊन साक्षीला दुसरं तोंडही असतं.

कुठे न्यायचं? सगळ्यात जवळचा दवाखाना नेहमी योग्य असतोच असं नाही. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये नेलं तर ते "पुढे न्या" म्हणतात आणि वेळ वाया जातो. डोक्याला मार असेल तर सीटी स्कॅन आणि सर्जन असलेली जागा हवी. १०८ वाल्यांना विचारा, त्यांना त्या पट्ट्यातल्या सोयी माहीत असतात. कायद्याने 'गोल्डन अवर' म्हणजे इजा झाल्यापासूनचा पहिला एक तास. तो रस्त्यातच संपवू नका.

६. दवाखान्याच्या काउंटरवर

हा टप्पा सगळ्यात निसरडा. रस्त्यावर लोक घाबरतात पोलिसांना, पण प्रत्यक्षात अडकतात ते केस पेपरवर.

एका खासगी दवाखान्यात आम्ही जखमीला स्ट्रेचरवर ठेवला आणि काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला, "इथे सही करा, आणि डिपॉझिट किती भरताय?" फॉर्मवर सहीच्या रेघेखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: नातेवाईक / जबाबदार व्यक्ती. ती सही केली असती तर बिल माझ्या नावावर निघालं असतं. मी शांतपणे म्हटलं, "मी नातेवाईक नाही, रस्त्यावरून आणलंय. सही करणार नाही, पैसेही भरणार नाही, तुम्ही उपचार सुरू करा." मग आतून डॉक्टर आले आणि काम सुरू झालं.

तर नियम असे. दाखल करून घेण्यासाठी मदत करणाऱ्याकडून पैसे मागता येत नाहीत, आणि त्याला थांबवूनही ठेवता येत नाही. पोलीस येईपर्यंत बसा, असं म्हणायचा अधिकार दवाखान्याला नाही. "पोलीस केस आहे, आधी पोलिसांचं पत्र आणा" हे तर १९८९ पासूनच चालत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की जीव वाचवणं आधी, कागद नंतर. हे सरकारी आणि खासगी दोन्ही दवाखान्यांना लागू आहे. अपघाताच्या तातडीच्या प्रसंगी लक्ष न देणाऱ्या डॉक्टरचं वागणं व्यावसायिक गैरवर्तनात मोडतं.

एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस केस असलेल्या रुग्णाची) नोंदीत 'रुग्णाला आणणाऱ्याचे नाव' असा रकाना असतो. तो ऐच्छिक आहे. "अनोळखी मदतनीस" असं लिहा म्हणावं. ऑपरेशनच्या संमतीपत्रावरही सही करू नका. तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो किंवा नातेवाईकांनी.

पैशांचं काय, हा प्रश्न मात्र दवाखाना विचारणारच. त्याला उत्तर आहे. ५ मे २०२५ रोजी केंद्राने रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे १.५ लाख रुपयांपर्यंतचा खर्च त्यात बसतो. यादीत नसलेल्या रुग्णालयात रुग्णाला स्थिर करण्यापुरते उपचार मिळतात. नोंदणीचं काम रुग्णालय आणि पोलीस करतात. तुम्ही फक्त "कॅशलेस योजनेत नोंद करा" एवढं ठणकावून सांगा.

जखमीचं पाकीट, मोबाइल, गळ्यातलं, हे एकट्याने हाताळू नका. दवाखान्यातल्या सिस्टर किंवा सुरक्षारक्षकासमोर द्या, कागदावर यादी लिहून त्यांची सही घ्या आणि त्या कागदाचा फोटो काढा. मंगळसूत्र हरवलं म्हणून मदत करणाऱ्यावरच संशय घेतल्याच्या कहाण्या आमच्या पट्ट्यात कमी नाहीत. घरच्यांना फोन करताना "अपघात झालाय, या दवाखान्यात आणलंय, उपचार सुरू आहेत" एवढंच सांगा. "सीरियस आहे" किंवा "काही नाही झालं" यातलं काहीही म्हणू नका. ते डॉक्टरांना म्हणू दे.

दवाखान्याच्या प्रवेशद्वाराशी मदत करणाऱ्यांच्या हक्कांची सनद हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लावणं नियम १६८ ने बंधनकारक आहे. आत शिरताना भिंतीवर नजर टाका. बोर्ड असेल तर बोलण्याची गरजच पडत नाही, बोट दाखवलं की पुरतं. नसला तरी तुमचे हक्क तेच राहतात.

७. पोलीस भेटले की

इथे एक फरक समजून घ्या. तुम्ही फक्त मदत केली, अपघात होताना पाहिला नाही, तर काहीही न सांगता निघू शकता. अपघात डोळ्यांनी पाहिला असेल तर २०१६ च्या तत्त्वांनुसार पत्ता देऊन लगेच निघता येतं. चौकीत येऊन बसा, असं कुणी म्हणालं तर "मला थांबवता येत नाही, नियम १६८ बघा" एवढं नम्रपणे सांगा. आवाज चढवू नका. बऱ्याचदा समोरच्या हवालदाराला तो नियम खरंच माहीत नसतो, आणि बारा तासांची ड्युटी करून तोही वैतागलेला असतो.

पंचनाम्यावर 'पंच' म्हणून सही करा, अशी गळ घातली जाते. मदत करणं आणि पंच होणं ही दोन वेगळी कामं आहेत. तयारी नसेल तर नाही म्हणा, आणि असेल तर काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचून मगच सही करा.

८. साक्षीदार व्हायचं ठरवलं तर

माझं मत विचाराल तर अपघात पाहिला असेल तर व्हावं. उडवून पळून गेलेल्या गाडीचा नंबर फक्त तुम्हालाच दिसलेला असू शकतो. अज्ञात वाहन असेल तर मृताच्या कुटुंबाला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये अशीच सरकारी भरपाई आहे. वाहन सापडलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीकडून मिळणारी भरपाई यापेक्षा कितीतरी मोठी असू शकते. घरातला कमावता माणूस गेलेला असताना त्या कुटुंबाचं सगळं तुमच्या चार ओळींवर अवलंबून असतं.

नियम १६९ प्रमाणे जबाब तुमच्या सोयीच्या वेळी, सोयीच्या जागी, म्हणजे घरी किंवा कामाच्या ठिकाणी घेतला जातो. पोलिसांनी साध्या कपड्यांत यायचं, गल्लीत चर्चा नको म्हणून. तुम्ही स्वतःहून ठाण्यात गेलात तर जबाब एकाच बैठकीत, उगाच न ताटकळवता पूर्ण करायचा. भाषेची अडचण असेल तर दुभाषा मिळतो. शपथपत्रावर निवेदन देण्याचीही सोय आहे. जबाबाची वाट न बघता त्याच रात्री स्वतःसाठी लिहून ठेवा: वेळ, लेन, गाड्यांचे रंग आणि नंबर, कोण कुठून आलं. सहा महिन्यांनी विचारलं तर आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही.

९. राहवीर योजनेचे २५ हजार

केंद्राची बक्षीस योजना ऑक्टोबर २०२१ मध्ये ५,००० रुपयांनी सुरू झाली. एप्रिल २०२५ पासून ती 'राहवीर' नावाने २५,००० रुपयांची झाली. अटी अशा: गंभीर अपघात, आणि जखमीला गोल्डन अवरमध्ये रुग्णालयात पोहोचवलेलं असणं. गंभीर म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, किमान तीन दिवस दाखल राहणं, मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा, किंवा उपचारांदरम्यान मृत्यू. एकाच जखमीला अनेकांनी वाचवलं तर रक्कम वाटली जाते. एका माणसाला वर्षात जास्तीत जास्त पाच वेळा हे मिळू शकतं.

अर्ज घेऊन सरकारी कार्यालयं पालथी घालायची नसतात. पोलीस ठाणं डॉक्टरांकडून खात्री करून तुम्हाला अधिकृत पत्रावर पोच देतं आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे पाठवतं. ती पोच मिळाल्याशिवाय पुढे काहीच हलत नाही, म्हणून ती मागून घ्या. पैसे थेट बँकेत येतात.

लागणारी माहिती:
- तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर
- बँक खात्याचा तपशील
- अपघाताची जागा, तारीख, वेळ
- तुम्ही नेमकी काय मदत केली, ते दोन ओळींत

नाव गुप्त ठेवायचं असेल तर हे पैसे सोडावे लागतात, हे उघड आहे. आणि सरकारी योजनांना मुदत असते, त्यामुळे पोच घेताना ठाण्यात किंवा आरटीओत योजनेची त्या वेळची स्थिती विचारा.

१०. कुणी त्रास दिलाच तर

जागेवर भांडू नका. अधिकाऱ्याचं नाव, बक्कल नंबर, वेळ लिहून घ्या आणि निघा. पोलिसांबद्दल लेखी तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे, शहरात पोलीस आयुक्तांकडे करा. मदत करणाऱ्यावर सक्ती करणाऱ्या अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई करण्याची तरतूद आहे. दवाखान्याबद्दल जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, आणि डॉक्टरने उपचार नाकारले असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. तक्रारीत नियम १६८ आणि १६९ यांचा उल्लेख करा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

गाडीत काय ठेवायचं

लाल त्रिकोण, टॉर्च, रबरी मोज्यांच्या दोन-तीन जोड्या, कापसाचा मोठा रोल आणि क्रेप बँडेज, जाड कापड कापेल अशी कात्री, एक जुनी स्वच्छ चादर, मागच्या सीटवर पसरायला प्लॅस्टिकचा तुकडा. वही आणि पेन, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. नियम १६८ चा मराठी मजकूर छापून डॅशबोर्डच्या खणात टाका. आमच्या दुकानात तो काउंटरवरच चिकटवलाय, फोटो काढून न्यायचा असेल तर खुशाल न्या.